घाऱ्या डोळ्यांचा रकाना

मुलाणीचाचा बोलताना कधी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. बघायचे ते त्याच्या खांद्याकडे, नाहीतर शर्टाच्या वरच्या बटणाकडे. नव्या माणसाला वाटे, हे काहीतरी लपवताहेत. पहिले काही महिने मलाही तसंच वाटलं होतं. एकदा मी त्यांना सरळच विचारलं. हातातला नग फिरवत ते म्हणाले, "आमच्या डोळ्याचं लोकास्नी भ्या वाटतं साहेब. तान्ह्या पोराकडं बगितलं तर आया त्याच्यावर पदर टाकत्यात. मग आपनच मान खाली घातलेली बरी."

डोळे खरोखरच लक्षात राहण्यासारखे होते. घारे, पण नेहमीच्या घाऱ्याहूनही फिके. ओल्या वाळूचा रंग आणि मध्ये थोडी हिरवट झाक. चेहरा उन्हानं रापलेला, दाढी पांढरी, त्यामुळे ते डोळे अधिकच उठून दिसत. निघोज्याहून भोसरीपर्यंत ते रोज जुन्या मोपेडवर येत आणि येताना थोरला काळा गॉगल लावत. गेटवरची पोरं ओरडायची, "आले हिरो!" चाचा गॉगल काढून खिशात ठेवत, मान खाली घालून हसत आणि हजेरीचं कार्ड पंच करत.

आमचं वर्कशॉप ब्रेकच्या सिलिंडरमधले पिस्टन बनवायचं. अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा, घासून गुळगुळीत केलेला आणि वर क्रोमचा मुलामा. आरशासारखी चकाकी. त्याची मापं यंत्र घेतं, पण अंगावरचा ओरखडा माणसाला बघावा लागतो. केसाएवढा जरी ओरखडा राहिला तरी रबरी सील झिजतं, तेल गळतं आणि गाडी उतारावर असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून गाडीत चढण्याआधी प्रत्येक नग चाचांच्या डोळ्यांखालून जायचा. मी तिथे क्वालिटीचा प्रमुख होतो. कागदावर सही माझी असे, नजर मात्र चाचांची.

त्यांनी दोषांना स्वतःची नावं ठेवली होती. आम्ही रिपोर्टात जाडजाड इंग्रजी शब्द लिहायचो. चाचा बारीक ओरखड्याला 'केस' म्हणत, टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्याला 'मुंगी'. "ह्याच्यात मुंगी बसलीया," असं म्हणून नग लाल पेटीत टाकत. लाल पेटीला कुलूप असे. वरच्या फटीतून नग आत जाई, बाहेर काढायचा तर किल्ली लागे, आणि किल्ली माझ्याकडे असे. नाकारलेला माल चुकूनही चांगल्यात मिसळू नये म्हणून ही व्यवस्था.

बसण्याची त्यांची जागा ठरलेली होती. उत्तरेच्या खिडकीपाशी, जिथे ऊन कधी येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी, दोरी बांधलेला जवळचा चष्मा. वरची ट्यूबलाइट ते बंद करून ठेवत. नग चिमटीत धरून एक गिरकी, थोडा तिरपा करून दुसरी गिरकी, की झालं. किती वेळ लागला हे मोजायला मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो. ते म्हणाले, "साहेब, तुमी बसला की माज्याकडून घाई हुती. तुमी जावा."

सचिन नावाचा एक ग्राइंडिंग ऑपरेटर होता, तोंडानं फार वाह्यात. चाचांची थट्टा करायची एकही संधी तो सोडत नसे.

"चाचा, मांजराचे डोळे तुमचे. अंधारात दिसत असेल ना?"

"तुला दिसतं तेवडंच दिसतं."

"मग उजेडात आमच्यापेक्षा जास्त दिसत असेल."

"उजेडात तुज्यापेक्षा कमी. लई उजेड झाला की पानी येतं डोळ्यातनं."

"मग उपयोग काय राव एवढ्या भारी रंगाचा?"

"त्येच तर! रंग मागून घेतला न्हवता भावा मी. मिळाला त्यो लावून फिरतोय."

एकदा जेवणाच्या सुट्टीत सचिननं चांगल्या नगांच्या ट्रेमध्ये मुद्दाम एक खराब नग मिसळला. पैज लावली होती पोरांनी. सुट्टी संपली, चाचा येऊन बसले, सगळे आपापल्या मशीनवरून माना वाकड्या करून बघत राहिले. पाऊण ट्रे झाल्यावर चाचांनी एक नग बाजूला ठेवला. थोड्या वेळानं आणखी एक. मग उठून सचिनच्या मशीनपाशी गेले आणि दोन्ही नग त्याच्या हातावर ठेवले.

"ह्यो तुजा. मस्करीचा. आन् ह्यो बी तुजाच, पर ह्यो मस्करीचा न्हाई. चाक खराब झालंय तुजं, मशीन बंद कर."

मशीन बंद करून बघितलं तर दगडाच्या चाकाची कड खरंच तुटली होती. त्या दिवशी सचिननं खाली मान घालून चाक बदललं. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो नव्या पोरांना सांगू लागला की घाऱ्या डोळ्यांना लोखंडाच्या आतलंही दिसतं.

हा वाद पुढे इतका वाढला की वर्षातून एकदा डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मीच त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "घाऱ्या डोळ्यांना जास्त दिसतं की कमी?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "रंग डोळ्याच्या पुढच्या पडद्याला असतो. दिसतं ते मागच्या पडद्यामुळे. पुढचा फिका असला की उजेड जरा जास्त आत शिरतो, त्यामुळे लख्ख प्रकाशाचा त्रास होतो. बाकी नजर कमीही नाही आणि जास्तही नाही. आणि यांनी तर चष्मा लावून शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवली."

चाचा स्टुलावरून उठलेच नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हंजी आमी बी समद्यांसारकंच?"

"अगदी सगळ्यांसारखे."

पुढचा आठवडाभर ते भेटेल त्याला हे सांगत होते. कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर, सिक्युरिटीवाल्याला. "डॉक्टरीनबाईनं लिहून दिलंय, आपल्यात काय बी येगळं न्हाई." तो कागद माझ्या कपाटात फाईलला लावलेला होता. त्यावर खाली माझी सही होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते माहिती नसल्यामुळे केलं असं कुणाला वाटू नये.

नंतर चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं काम आम्हाला मिळालं. त्यांची माणसं वर्कशॉप तपासायला आली आणि म्हणाली, तपासणीच्या टेबलावर प्रकाश कमी आहे, आणि खिडकीचा उजेड चालणार नाही. आठ दिवसांत खिडकीवर पत्रा ठोकला गेला आणि चाचांच्या डोक्यावर पांढरे दिवे आले. टोपीही काढायला लावली, कारण ती गणवेशात बसत नव्हती. क्रोमवर त्या दिव्यांची अशी चमक पडायची की माझेही डोळे दिपत. चाचा रुमालानं डोळे पुसत काम करायचे. एकदा माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, ह्या दिव्यात नुसती चमक दिसती, केस लपतो. मी तिरपा धरून बगतो, पर येळ लागतो. टोपी तरी घालू द्या. न्हाईतर पुट्ट्याचा आडोसा करून देतो मीच."

मी म्हणालो, "बघतो." आणि बघितलं नाही. त्यांच्या हातून खराब माल सुटत नव्हता, फक्त वेळ लागत होता, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कुठल्याच तक्त्यात येत नव्हतं.

मग तो शनिवार आला. दुपारी गाडी गेटवर उभी होती. चाकणहून दर दहा मिनिटांनी फोन येत होता की माल पोचला नाही तर त्यांची लाइन थांबेल. मोजले तर बावीस नग कमी भरले. चाचांनी त्या लॉटमधले बावीस नग लाल पेटीत टाकले होते. ते जेवायला गेले होते. मी किल्ली घेतली, पेटी उघडली, नग बाहेर काढून त्याच पांढऱ्या दिव्याखाली धरले. मला काही दिसलं नाही. थोडंसं दिसलं, खरं सांगायचं तर. दोन-तीन नगांवर रेषेसारखं काहीतरी होतं. मी स्वतःला म्हणालो, चाचा फारच बारीक बघतात. बावीसच्या बावीस नग ट्रेमध्ये लावले, पेटीला कुलूप घातलं आणि गाडी सोडली.

सोमवारी सकाळी चाकणहून बोलावणं आलं. त्यांच्या चाचणीत तेल गळलं होतं. गाड्या बाहेर पडल्या नव्हत्या, हे नशीब.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक तक्ता भरावा लागतो. चूक का झाली? जे उत्तर येईल त्याला पुन्हा 'का' विचारायचं. असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला जे उत्तर येईल ते मूळ कारण, आणि त्यावर कायमचा उपाय लिहायचा. चाकणच्या कंपनीतल्या गार हवेच्या खोलीत समोर त्यांचा इंजिनियर आणि पडद्यावर तो तक्ता. तेल का गळलं? नगांवर ओरखडे होते. असे नग का गेले? तपासणीत सुटले. का सुटले? निरीक्षकाला दिसले नाहीत. का दिसले नाहीत?

इथे मी थांबायला हवं होतं. "ते नग मी पाठवले," एवढंच वाक्य होतं. पण तो इंजिनियर माझ्याकडे बघत होता, आणि मला चाचांचा रुमाल आठवला. मी म्हणालो, "प्रखर प्रकाशात त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं."

"का?"

"त्यांचे डोळे घारे आहेत."

इंजिनियरनं मान हलवली आणि स्वतःच टाइप करायला घेतलं. इतकं स्पष्ट मूळ कारण त्याला बहुधा पहिल्यांदाच मिळालं होतं. उपायही त्यानंच सुचवला: निरीक्षक बदलावा, आणि यापुढे या कामावर माणूस घेताना डोळ्यांचा रंग नोंदवावा. फॉर्ममध्ये एक नवा रकाना तयार झाला. गडद की फिका. मी खाली सही केली.

भोसरीला परत येऊन मी चाचांना बोलावलं. ते उभेच राहिले, माझ्या वरच्या बटणाकडे बघत.

"चाचा, शनिवारच्या लॉटमधले बावीस नग सुटले."

"बावीस? न्हाई साहेब. बावीस तर मी पेटीत टाकलं व्हतं. केस व्हता समद्यांवर."

"पेटीत दुसरे असतील. आठवून बघा. डोळ्यांतून पाणी येत होतं ना तुमच्या?"

"येत व्हतं."

"मग?"

त्यांनी खिशातला रुमाल काढून बघितला, पुन्हा ठेवला. नंतर म्हणाले, "पर डॉक्टरीनबाई तर म्हनल्या व्हत्या, समद्यांसारकंच हाय म्हनून."

"तेव्हा हे दिवे नव्हते, चाचा."

हे वाक्य मी किती सहज बोललो होतो! त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांनी चष्मा काढला, दोरी त्याच्याभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "आसंल साहेब. तुमी म्हनता तर आसंल." त्यांना वाद घालता आला असता, भांडता आलं असतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा सोडून दिला. त्यांना पॅकिंगला पाठवलं. खोक्यांवर पट्ट्या चिकटवायचं काम. दीड-दोन महिन्यांत ते काम सोडून गेले. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली होती.

मी पुढे दुसऱ्या कंपनीत गेलो, मोठा झालो, वाकडला फ्लॅट घेतला. आता मी इतरांची वर्कशॉपं तपासायला जातो. दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात असाच गेलो होतो. तिथली क्वालिटीची मुलगी, प्राजक्ता, भरतीचे फॉर्म दाखवत होती. एका फॉर्मवर माझी नजर थांबली. डोळ्यांचा रंग: गडद, फिका. फिक्यावर खूण, आणि खाली 'अपात्र'.

"हा रकाना कशासाठी?" मी विचारलं.

"कस्टमरचा फॉर्म आहे सर. त्यांच्या सगळ्या पुरवठादारांना लागू आहे. पूर्वी कुठेतरी एक घाऱ्या डोळ्यांचा माणूस होता म्हणे, त्यानं खराब माल सोडला होता." ती थोडी ओशाळली. "मलाही विचित्र वाटलं. या मुलीनं टेस्टच्या ट्रेमधले सगळे खराब नग बरोबर काढले होते. आयटीआयला मार्कही चांगले. पण रकान्यावर खूण आली की सिस्टीम पुढे जाऊच देत नाही."

मी नाव वाचलं. रेश्मा मुलाणी, निघोजे.

मी लगेच गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मला दहा दिवस लागले. एका रविवारी सकाळी गेलो. गावात आता गोदामंच गोदामं झाली आहेत. चाचा त्यांतल्याच एका गेटवर वॉचमन आहेत, असं दुकानदारानं सांगितलं; रविवारी घरी असतात. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. चाचा खाटेवर बसले होते. बरेच वाकले होते. माझा आवाज ऐकून म्हणाले, "कदमसाहेब! या की." रेश्मानं खुर्ची आणून ठेवली. वडिलांचेच डोळे, पण ती सरळ बघत होती.

इकडचं तिकडचं झालं. मी नोकरीबद्दल विचारलं, तसं चाचाच म्हणाले, "तिला न्हाई घेतलं. मी सांगितलं तिला, कंपनीवाल्यांचं बराबर हाय बाळा. आपलं डोळं त्या कामाचं न्हाईत. मी भोगलंय त्ये."

"अब्बा आता कुलूप लावलं तरी मला हाक मारतात," रेश्मा म्हणाली. "म्हणतात, नीट बसलंय का बघ, मला भरवसा नाही."

मग मी सांगितलं. शनिवार, पेटी, किल्ली, तक्ता, सगळं.  रेश्मा दारात उभी होती. चाचा खाटेची दोरी बोटानं चाचपत होते.

"बावीसच्या बावीस?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळे तुम्हीच नाकारले होते. मी काढले."

"ती दुपार मी लई डाव डोळ्यापुढं आनली साहेब. कवा वाटायचं टाकलं व्हतं, कवा वाटायचं न्हाई. शेवटाला वाटाया लागलं, आपन खोटं बोलतोय." खाटेची दोरी सोडून ते म्हणाले, "तवा मला इचारलं आसतं ना, तर मीच म्हनलो आसतो, घाला माज्या नावावर. तुमची नोकरी तशी बी टिकली आसती. पर तुमी मला आंधळा केला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"माज्यासंगं नका बोलू. हिच्यासंगं बोला. हिचं काय करता?"

रेश्मानं आतून वही आणि पेन आणलं. "सर, हे लिहून द्या. उद्या मी स्वतः कंपनीत नेऊन देते."

हे पत्र बाहेर गेलं की माझ्या आत्ताच्या नोकरीचं काय होईल ते मला ठाऊक होतं. मी लिहायला घेतलं. इतकी वर्षं रिपोर्ट लिहिण्याची सवय. हात आपोआप चालला. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"अनवधानानं? तुम्ही तर कुलूप उघडून काढले म्हणालात."

मी तो शब्द खोडला. पुन्हा लिहिलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं लिहिलं, त्या वर्षीच्या तपासणीचा कागद भोसरीच्या फाईलमध्ये असेल हे लिहिलं, डोळ्यांच्या रंगाचा आणि चुकीचा काही संबंध नव्हता हे लिहिलं. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. तिनं पान फाडलं, एकदा मनात वाचलं, मग वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 

मी उठलो. ते अंगणाच्या कडेपर्यंत आले. चहा विचारला नव्हता, आणि विचारला नाही हे मला बरं वाटलं.

"साहेब, आता परत यायची गरज न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तिचं काय झालं त्ये ती फोनवर कळवंल."

ते वळले आणि आत गेले. दार लोटलं गेलं. मी किल्ली हातात घेऊन गाडीपाशी उभा होतो. पत्र्याच्या भिंतीतून त्यांचा आवाज येत होता.

"रेश्मा, बस हितं. वाच की पुन्ना."

"सगळं?"

"समदं नगं. त्ये बावीस नगांचं तेवडं वाच."